मागचा पत्रा चौथ्या पिढीचा

आण्णा, थंडरबर्डच्या सगळ्या पिढ्या आता मला तोंडपाठ आहेत. हसू नका. पाढे बाराच्या पुढं कधी गेले नाहीत माझे, पण ह्या अमेरिकन गाडीच्या अकराच्या अकरा पिढ्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. हुबळीला ट्रकवर होतो, मग गोव्यात हॉटेलात, मग रहिमतपूरला चार महिने एका दुकानात. जिथं गेलो तिथं मोबाईलवर हेच बघत बसलो. पहिली दोनच माणसांची, हलकी, टपाला बाजूनं गोल खिडकी. निव्वळ हौसेची गाडी, पोरंबाळं घरी ठेवून फिरायची. दुसरीला मागं सीट आली आणि ती जास्त खपली. तिसरी बंदुकीच्या गोळीसारखी, मागं दोन भलेमोठे गोल लाल दिवे. चौथी कोपऱ्याकोपऱ्यांची, दिवे आडवे, लांबलचक. पाचवी चार दारांचीही मिळायची. सहावी तर उसाच्या ट्रॉलीएवढी वाढली. मग तिकडं तेल महागलं तसं तिचं अंग उतरत गेलं, आठवी पार तुमच्या फौजेतल्या ट्रंकेसारखी. पुढं वाऱ्यानं घासल्यागत गुळगुळीत झाली, आणि सगळ्यात शेवटी परत दोन माणसांची, परत ती गोल खिडकी. नाही चालली. बंदच केली त्यांनी. मी मात्र कुठंही गेलो तरी तिसरी आणि चौथी ह्यांच्या मधेच अडकून राहतो.

आपल्याकडं आलेली तिसरी. कोरेगावकडच्या बागायतदारांनी मुंबईहून हौसेनं घेतलेली, आणि महिन्याभरात मागून ट्रॉलीची धडक खाल्लेली. मागचे दिवे तर आधीच्या कुणीतरी काढून ट्रकचे बसवले होते, त्यामुळं मूळचं मागून काय होतं ते मालकांनाही ठाऊक नव्हतं. एवढी गाडी आष्ट्यात आपल्या शेडात का, तर पत्र्याचं काम पुटीची लांबी न भरता करणारा डेंटर तुम्ही एकटेच, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. लांबीचा तो लगदा तुम्हाला बघवायचा नाही. "खड्डा बुजवायचा नसतोय, आतनं उठवायचा असतोय," म्हणायचात. तुम्ही डोळे मिटून उभे आहात, तळव्याखाली मऊ फडकं, आणि हात पत्र्यावरून सावकाश फिरतोय. "डोळा फसतोय रं. तळवा न्हाई फसत."

मला सांगितलंत, सांगलीला जा, नेटवर ह्या गाडीची मागची बाजू हुडक आणि छापून आण. साल, मॉडेल सगळं चिठ्ठीवर लिहून दिलंत. स्टँडवर दोस्त भेटला, त्याची नवी बाईक. आधी हरिपूरला संगमावर गेलो, मग परत येऊन भडंग खाल्ला, मग कुणाचा तरी कबुतरांचा खुराडा बघायला गेलो. लय भारी कबुतरं होती, एक तर हवेत कोलांट्या मारायचं. असो. नेटकॅफेत शिरलो तेव्हा चिठ्ठी कुठं पडली होती देव जाणे, आणि बाहेर दोस्त हॉर्न वाजवतोय. गाडीचं नाव टाकलं, पहिला जो रंगीत फोटो मागून दिसला तो छापला. आडव्या दिव्यांचा.

आठ दिवसांनी तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "ह्याची रेघ लागंना. वरनं पत्रा गोल उतरतोय आन फोटोत चौकोन हाय. नक्की ह्योच फोटो न्हवं?"

"आवं आण्णा, ह्योच हाय. चिठ्ठी बघूनच काढलाय की."

तुम्ही फोटो पुन्हा उचललात. आपला तळवा सोडून माझ्या शब्दावर विसंबलात, आणि दोन महिने जे जुळणारच नव्हतं ते जुळवत राहिलात. आणि जुळवलंतही! गोल पाठीतून चौकोनी बूड असं काढलंत की सांधा सापडू नये.

मग मालक आले ते जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका पाहुण्याला घेऊन. पाहुणा गाडीमागं गेला आणि हसायलाच लागला. "वा मेस्त्री! पुढून तिसरी पिढी, मागून चौथी. बापाच्या धडाला पोराचं बूड लावलंत की!"

मालकांचा चेहरा उतरला. "मेस्त्री, चार माणसांत शोभा केलीत आमची."

फोटो फळीवर होता. मी दोन हात अंतरावर उभा होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात पुसत म्हणालात, "माझी नजर चुकली, मालक."

घरी आल्यावर मी वाट बघत होतो, आता बोलाल, आता माराल. तुम्ही "जेवलास का?" एवढंच विचारलंत. त्यानंतर जुनी गाडी शेडात आली नाही. मेस्त्रीला दिसंना झालंय, ही बोलवा पलूसपर्यंत गेली. ट्रॅक्टरचे मडगार्ड ठोकत वर्ष काढलंत आणि एका सकाळी छातीत कळ आली. त्याला आता बारा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात एका मंगल कार्यालयाबाहेर तीच गाडी दिसली. झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ, पोरं फोटो काढतायत. मी मागं जाऊन तळव्याखाली रुमाल धरून हात फिरवला. कुठं उंचवटा नाही, कुठं खळगा नाही. ड्रायव्हर ओरडला, "ओ, रंग जाईल!"

घरी येऊन आईला गाडी दिसल्याचं सांगितलं. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. तिनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "हात सोन्याचा हुता रं त्यांचा. शेवटाला डोळ्यांनी दगा दिला, त्याला कोण काय करणार."

मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "चष्मा लागला असणार त्यांना. आपल्याला कळलं न्हाई."

आण्णा, तुम्ही गेलात त्या आठवड्यातही आईच्या सुईत दोरा तुम्हीच ओवून दिला होता, दारातल्या उजेडात, एका खेपेत. मी समोरच बसलो होतो.