नळी दाबायची राहिली

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. दार धाडकन आपटलं तरी पोरगी मान वळवत नाही म्हणून वहिनी काळजीत आहे, आणि तू कानतपासणीचा माझा रिपोर्ट तिच्यापुढे नाचवून तिला गप्प केलंस, असं लिहिलंयस. वर, आत्याने स्वतः मोजलंय, आता कसली शंका, अशी फुशारकीही मारली आहेस. उत्तराला चार दिवस लावले. त्याचं कारण सांगतेच, पण आधी तपासणीचा तो दिवस आठव.

तीन आठवडे काचेच्या पेटीत काढलेलं पोर, त्यामुळे कानांची धास्ती सगळ्यांनाच होती. ती तीन महिन्यांची होती. भिंतींना गाद्या लावलेल्या आमच्या त्या खोलीत तू तिला खांद्यावर घेऊन बसलास आणि तिच्याआधी तूच झोपलास. घोरायलासुद्धा लागलास, गाढवा! घोरण्याने मोजणीचा पार विचका होतो, म्हणून तुला ढोसून उठवलं. मग तिच्या डोक्यावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात इअरफोनची नळी बसवली आणि ‘दा’ हा एकच आवाज हजारो वेळा वाजवला. आवाज पोचला की मेंदूत बारीकशी वीज हलते, यंत्र तिची सरासरी काढतं आणि पडद्यावर लाट उमटते. भाचीची लाट इतकी देखणी आली की माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर एक काम उरतं. ती नळी चिमट्याने दाबून धरायची, म्हणजे कानात काहीच जाणार नाही, आणि सगळी मोजणी पुन्हा करायची. आता लाट दिसता कामा नये. दिसली, तर ती मेंदूची नव्हे, इअरफोनच्या विजेची. बावीस वर्षांत परक्यांच्या लेकरांबाबत हे मी एकदाही चुकवलेलं नाही. त्या दिवशी मात्र पोरगी चुळबुळायला लागली, बाहेर वहिनी देवासारखी माझी वाट बघत होती, आणि मला बातमी सांगायची घाई झाली. सही ठोकली आणि मोकळी झाले.

तुझं पत्र वाचून तो आलेख पुन्हा काढला. लाट आवाजाबरोबरच सुरू होते. मेंदूपर्यंत आवाज जायला वेळ लागतो, डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी, पण लागतोच. इथे तो नव्हताच. काल दुपारी मी मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज खुर्चीवर ठेवला, त्याला त्याच तारा लावल्या, नळी शेजारी ठेवली आणि ‘दा’ वाजवला. अगदी तश्शीच लाट! भांडी घासायच्या स्पंजालाही माझ्या यंत्राने उत्तम कानांचं प्रमाणपत्र दिलं. हसू आलं रे, आणि मग तिथेच खाली बसून रडले.

पोरीला ऐकू येत नाही, असं अजून ठरलेलं नाही. येतं असं मी छातीठोकपणे सांगितलं, ते मात्र साफ बिनबुडाचं निघालं. खरंच कमी ऐकू येत असेल तर कानाला यंत्र लावून बोलणं शिकायचं वय हेच आहे, आणि त्यातले सहा महिने माझ्या सहीने खाल्ले. वहिनी बरोबर होती, आणि आपण दोघांनी मिळून तिला वेड्यात काढलं. तिची माफी मी समोर येऊन मागेन, पण हे पत्र तू आजच तिला वाचून दाखव. मंगळवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. तपासणी माझी सहकारी करेल, मी यंत्राला हात लावणार नाही. निकाल येईपर्यंत तुम्हा दोघांबरोबर बाहेरच्या बाकावर बसेन, तुम्ही बसू दिलंत तर.

तुझीच,
ताई