पुण्यातलं महागडं कॅबिनेट

नेवासा,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

प्रिय दीपाताईस,

धाकट्या सम्राटचा सप्रेम जयभीम. दाजींनाही सांग. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडी गेल्यापासून जरा हलके झालेत. आमची सुकन्या बालवाडीत जाते आणि रोज एक तरी रबर हरवून येते. तुझ्या भावजयीचा, आरतीचा आवाज यंदा असा काही लागलाय की जयंतीच्या सुपाऱ्या आतापासूनच यायला लागल्यात.

मोबाईल खिशात असताना हा बाबा पत्र काय लिहीत बसलाय, असं म्हणशील. तू फोन करतेस, मी उचलत नाही, मग 'गाडीवर होतो', 'रेंज नव्हती' असले मेसेज टाकतो. तू आईजवळ म्हणालीस ते कळलं मला, "सम्राटला बँडवाला झाल्यापासून लई भाव आलाय." भाव कसला येतोय गं! सांगतो, पण आधी माझ्या कॅबिनेटची कथा ऐक. नाही म्हणू नकोस, ऐकच.

कॅबिनेट म्हणजे माझ्या गिटारचा तो काळा खोका, तुझ्या पोरांनी ज्याच्यावर बसून वडापाव खाल्ला होता तो. त्याच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. मागून वायर खुपसली की वाजायला तयार. दिवाळीनंतर मला वाटायला लागलं की खोका मंदावलाय. खालचा आवाज भरपूर, पण तारेचा जो चकचकीत वरचा आवाज असतो ना, तो गेलेला. अमृतला म्हटलं, स्पीकर बदलू. अमृत म्हणजे आमचा कीबोर्डवाला, सोल्डरिंगचं सगळं तोच करतो. बारा इंची नवा स्पीकर बसवला. तरी तेच. मग वरचा आवाज काढणारा छोटा हॉर्न बदलला, घुमू नये म्हणून आतून फेल्टचं जाड कापड चिकटवलं, ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, पार टोकाला नेला. अमृतने कानात बोटं घातली आणि ओरडला, "आरं सम्राट, लई टोचतंय! कुत्री पळून जात्याल गावातली!" मी म्हटलं, तुला गिटारचं काय कळतंय, तू आपली पेटी वाजव.

असं भांडत भांडत कुकाण्याचा कार्यक्रम झाला. गाताना आरती माझ्या खोक्याच्या अगदी पुढ्यात उभी होती. तिच्या कानात दोन दिवस शिटी वाजत होती. दोन दिवस, ताई. तिने मला बोल लावला नाही, नुसता कापूस घातला कानात. म्हणाली, "आता ह्या खोक्यावर खर्च नको. पुण्याला जाऊन ते महागडं बघून येऊ, एकदाचा तुझा जीव शांत होऊ दे."

म्हणून गेल्या शनिवारी आपला खोका गाडीत घालून पुण्याला गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने आपलं आणि परदेशी, अशी दोन्ही कॅबिनेटं शेजारी ठेवली, मला एकच तुकडा वाजवायला लावला आणि तो बटण दाबून कधी ह्यातून, कधी त्यातून ऐकवायला लागला. आरती लगेच म्हणाली, "हे महागडं किती गोड आहे रे, आणि आपलं नुसतं किंचाळतंय!"

मला दोन्ही सारखीच ऐकू येत होती. दोन्हींवर गोधडी टाकल्यासारखी.

मी म्हटलं, काही खास फरक नाही, एवढे पैसे कशाला घालवायचे. दुकानदार हसला. म्हणाला, "थांबा, खालचा स्पीकर बंद करून नुसता हॉर्न ऐकवतो, म्हणजे फरक कळेल." तो मागे वाकला. मी गिटार धरून वाट बघत उभा. तारा छेडल्या. परत छेडल्या. मग मी म्हणालो, "करा ना चालू."

आरतीचे दोन्ही हात कानांवर होते. दुकानदार माझ्याकडे बघत होता. हॉर्न चालूच होता, ताई.

मी हसलो. "मस्करी केली, मस्करी!" म्हणालो. दुकानदारही हसला, आरतीही हसली. मग मी आपल्याच खोक्यावर बसलो आणि लेस बांधायचं नाटक केलं. पायात चप्पल होती.

तुला आण्णा आठवत असतील. मला तर त्या दिवसापासून दुसरं काही आठवत नाही. ते रेडिओचं मागचं झाकण उघडून बसायचे आणि म्हणायचे, "हल्ली सेलच हलके येत्यात." तीन रेडिओ झाले घरात. त्यांचे कान गेलेत हे आख्ख्या गल्लीला कळलं होतं, त्यांनाच सोडून. मग तुझ्या हळदीला ते गायला उभे राहिले. पेटी एका सुरात, आण्णा भलत्याच. मांडव हसला. त्यांना वाटलं, लोक खूश झाले. हात जोडून तेही हसले. तू त्या वेळी तोंड फिरवलंस, मी पाहिलं होतं. त्यानंतर आपल्या बापाने कधी तोंडातून सूर काढला नाही. भीमगीतं गाणारा रंभाजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवत राहिला, कुणी काहीही म्हणो. तेव्हा त्यांचं वय काय होतं, हे मी परवा आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे, बस.

मला भीती वाटते गं. उगाच लिहीत नाही. अंगात थंडी भरल्यासारखी भीती वाटते. फाट्यावर परवा उसाचा ट्रॅक्टर माझ्या पाठीशी येऊन थांबला, ड्रायव्हरने आयमाय काढली तेव्हा वळलो. फोनवर बायकांचा बारीक आवाज लागतच नाही, तुझा तर मुळीच नाही. तू बोलतेस आणि मला नुसतं पुटपुटल्यासारखं येतं. 'काय? काय?' असं तुला चारदा विचारलं असतं तर तू ओळखलं असतंस. तू आण्णांची लेक. म्हणून उचलत नव्हतो.

आणि सुकन्या. गुरुवारी ती मांडीवर येऊन कानात कायतरी गुपित बोलली. पोरं काय सांगणार, शेंबडी गंमत, म्हणून मी मोठ्याने हसलो. तिचं तोंड एवढंसं झालं. तिच्या आईकडे जाऊन ती हमसून हमसून रडली. आरतीने मला नंतर सांगितलं, बालवाडीत एक पोरगा तिला रोज ढकलतो, तिला तिथं जायची भीती वाटते, हे ती मला सांगत होती. "आणि तू हसलास?" आरती म्हणाली.

आरतीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्या क्षणापासून मोठ्याने बोलायला लागेल. आई आण्णांशी बोलायची तशी. ओरडून बोलताना मायेचं बोलणंसुद्धा भांडणासारखं निघतं, आपण ते लहानपणभर ऐकलंय. आणि आरतीचा आवाज मला अजून जेवढा येतो तेवढा तरी तसाच हवाय. पण तिच्या कानांचं वाटोळं मी करतोय, हेही दिसतंय. शनिवारी घरी आल्याबरोबर ट्रेबल खाली आणला. अमृत म्हणाला, "आता कसं! ह्याला म्हनत्यात गिटार." मला काहीच ऐकू येत नव्हतं वरचं. बोटांवर भरवसा ठेवून वाजवलं. असं किती दिवस वाजवता येईल, माहीत नाही. एक दिवस बोट घसरेल आणि मला कळणार नाही, आणि मांडव हसेल.

महागडं कॅबिनेट घेतलं नाही हे तुला कळलंच असेल.

आता काम सांगतो. तुमच्या नगरला कानाच्या डॉक्टरची पुढच्या शुक्रवारची वेळ घे माझ्या नावाने, मिळाली की मेसेज टाक. तुझ्या ओळखीचा नको, दाजींना आत्ता काही बोलू नकोस. तू एकटी ये. आत माझ्याबरोबर बस. तो जे सांगेल त्याला मी 'हो हो' करेन, ऐकू आलं नाही तरी करेन, आता सवयच झालीय. म्हणून तू ऐक. सगळं ऐक, आणि बाहेर आल्यावर माझ्यासमोर उभी राहून हळू सांग. वाईट असलं तरी सांग. कमी करून सांगू नकोस. त्यानंतर आरतीला काय सांगायचं ते मी बघेन. सांगेनच.

सकाळच्या पहिल्या एसटीने तारकपूर स्टँडवर उतरतो. तिथं गर्दी असते, गाड्यांचा गोंगाट असतो, तू सवयीने लांबूनच 'सम्या' करशील. हाक मारू नकोस, ताई. हात वर कर.

तुझा भेदरलेला भाऊ,
सम्राट