शांत तासाचा बिल्ला

४ मार्च
झालं एकदाचं! गावच्या संग्रहालयात दर रविवारी सकाळी ‘शांत तास’, गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी. दिवे मंद, गर्दी नाही, टकामका बघणारं कुणी नाही. बेकरीत त्या बाईनं “जरा वळण लावा मुलीला” म्हणून सुनावलं, तेव्हापासून माझी दुन्या शाळा सोडून कुठ्ठे गेलेली नाही. बोलत नाही, पण तिला घुबड बघायचंय — पुस्तकातलं पान फाडून उशाशी घेऊन झोपते. संग्रहालयात पेंढा भरलेलं आहे. एकदा तरी तिला ते दाखवायचंच!

९ मार्च
नगराध्यक्ष प्रवोस्लावांचा स्वतः फोन! “वहिनी, मुलांना निळे बिल्ले देऊ! वर लिहू — माझ्याशी हळू बोला!” हे वाक्य ते इतक्या जोरात ओरडले की दुन्या दुसऱ्या खोलीत पळाली.

१५ मार्च
सासूबाई उद्यासाठी परातभर गिबानित्सा भाजतायत, चीज भरलेली, थराथरांची. म्हणाल्या, “शांत तास आहे गं, उपाशी तास नाही.”

१६ मार्च
अरे देवा! दारातच ट्रम्पेटवाले! ढोलासकट!

आमच्या सर्बियात लग्न, बारसं, मयत — वाजवल्याशिवाय काही होतच नाही. मग शांततेचं उद्घाटन तरी सुनंसुनं कसं करायचं? फीत कापता कापता प्रवोस्लाव म्हणतात, “अहो वहिनी, मुलांचा मान नको का राखायला?”

माझं डोकंच फिरलं. त्यांचा, बँडचा, अख्ख्या नगरपालिकेचा उद्धार केला. पोरीसाठी कुणीतरी भांडायला नको? दुन्या पायरीवर, कानात बोटं. घुबड राहिलंच. गिबानित्सा बँडवाल्यांनी संपवली.

घरी सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, बँड थांबला तशी पोरीनं बोटं काढली होती. तू सुरू झालीस, तेव्हा परत घातली.”

झालं! म्हणजे चूक माझीच!

१७ मार्च
सासूबाईंशी अबोला. घरात किती शांत वाटतंय! दुन्या शाळेतून आल्यापासून गुणगुणत होती.

२३ मार्च
परत गेलो. बँड नाही, भाषण नाही. दारावरच्या बाईंनी निळा बिल्ला पुढं केला. दुन्यानं तो घेतला, माझ्या कोटाला लावला, आणि मला बोटाला धरून घुबडाकडे घेऊन गेली.