बारक्या बाटलीचं चाक

लातूर, मोठा दवाखाना
शुक्कुरवार, ८ एप्रिल १९८३

अव्वाला लेकीचा, सिद्धम्माचा शरणार्थ.

परवापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. मी झोपले आन् माझ्या पोराच्या, रेवणच्या औषधाच्या बाटलीच्या चाकाला कुनाचा हात लागला तर, म्हनून जागी बसलेय. अक्षर वाकडं हाय, वाचनाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पत्र तुमच्या गावाला पानी आननाऱ्या टँकरवाल्या व्यंकटीजवळ देतेय. पान्याच्या लायनीत कुनी ना कुनी शिकलेलं असंलच, तेच्याकडून वाचून घे.

इकडं सगळे बरे हाव. मालक जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावनीवर गेलेत, तेंचा निरोप न्हाई. सासू-आत्या माझ्यासंगट दवाखान्यात हायत. तेंची तब्येत चांगली हाय.

रेवणला हगवन-वकारी लागली ते तुला कळलंच असंल. टाकीच्या तळचं पानी, दुसरं काय. डोळे पार आत गेलते, हात गार. पयले लई आजारी मानसांच्या काचंच्या खोलीत ठेवलं. मग जरा हुशारी आली तसं मधल्या खोलीत आनलं. काचंतून निघालेलं, पर घरी न्यायजोगं नसलेलं मानूस तिथं ठेवतेत. लातूर जिल्हा झाला, खोल्या नव्या झाल्या, पर तेवढ्या सिस्टर काय आल्या न्हाईत.

तिथं रेवणला दोन बाटल्या व्हत्या. मोठी सलाईनची, ती नव्या सिस्टरनं बघायची. बारकी प्रेशरच्या औषधाची. तिचा थेंब जास्त पडला का काळीज पळतंय. म्हनून तिच्या नळीवरच्या, थेंब कमी-जास्त करायच्या चाकाला नव्या सिस्टरनं हात लावायचा न्हाई, नुसती नजर ठेवायची आन् मोठ्या सिस्टरला हाक मारायची. हे मला चांगुणा सिस्टरनंच सांगितलं. लोह्याकडची हाय, बौद्धाची, माझ्याच वयाची. नोकरीला नवी. सारखी थेंब मोजायची. मी म्हनले, एवढं काय मोजता? तर म्हनली, "ताई, न्हाई मोजलं तर मोठ्या सिस्टर माझेच थेंब काढतेल." लई दिसांनी हसले बघ.

आत्यानं तिच्या हातचं पानी घेतलं न्हाई. ते सोड.

परवा दुपारी रेवणचं काळीज असं उडायलं का वरचं कुडतं हालायलं. ओठ पांढरे, डोळे फिरले. चांगुणा सिस्टर पळत आली, चाक गच्च बंद केलं, मोठ्या सिस्टरला हाका मारल्या. डॉक्टर आले तवा तिचा हात चाकावर व्हता. सगळ्यायनी तेवढंच बघितलं. तिला त्या खोलीतून काढलं. सोमवारी सकाळी चौकशी हाय.

रेवण परत काचंच्या खोलीत हाय. बारकी बाटली परत लावली. आत एकीलाच बसू देतेत. आत्या दारातून म्हनतेत, ऊठ, जरा पड, मी बसते. मी उठत न्हाई.

रेवण दूध मागायलाय. काळजी करू नको.

तुझी सिद्धम्मा

आता जे कुनी वाचायलाव, इथून म्होरं मोठ्यानं वाचू नका. अव्वाला सांगा, पत्र संपलं. लायनीतल्या बायाबी कान देऊन असतेत.

चाक आत्यानं फिरवलं. माझ्या देखत. आमच्या गावात डॉक्टर सलाईन लावतो, घंट्यात बाटली रिकामी, मानूस उठून चालतंय. इथलं थेंब-थेंब बघून त्या रोज जळायच्या. त्या दिवशी म्हनल्या, "औषधबी मोजून सोडायलेत ही लोकं. पोराला ताकद कवा यायची?" आन् टँकरचा नळ सोडावा तसं चाक सोडलं. मी नको नको म्हनस्तोर पोराचे डोळे फिरले.

आता म्हनतेत, "तिचा हात सगळ्यायनी बघितलाय. डॉक्टर इचारतेल तवा तू नुसतं हूं म्हन."

मी हूं म्हनले तर त्या पोरीची नोकरी जाईल. आन् आत्याला कुनी सांगनार न्हाई का पोराला काय झालं ते तेंच्या हातानं झालं. तेंना अजूनबी वाटतंय, बाटलीच खराब व्हती. मी जरा डुलकी घेतली का त्याच रेवणपाशी येऊन बसतेल. खरं बोलले तर सासरचं दार बंद. मालक आईच्या शब्दाबाहेर न्हाईत. अव्वाला कळलं तर तीबी म्हनंल, गप ऱ्हा, संसार हाय. तिनं जन्मभर हूंच म्हनलंय.

माझा भाऊ बसवंत धर्माबादला गुरुपादप्पाच्या मिरचीच्या आडतीवर हाय. टेलिफोनचा नंबर मागं लिवलाय. तेला म्हनावं, भांडू नको, आत्याला काय बोलू नको, सोमवारी नुसतं माझ्या बाजूला येऊन उभा ऱ्हा. म्हंजी माझं तोंड उघडंल. सोमवारपत्तूर मी जागी ऱ्हाते. तेच्या म्होरं माझ्यानं व्हायचं न्हाई.

तुमी कोन हाव, मला ठाऊक न्हाई. व्यंकटीचा टँकर माघारी रेणापूरला जातो, तेच्यावर बसून पोस्टात जा. घागर कुनाजवळ तरी ठेवा. पानी मग भरा, आधी माझ्या भावाला फोन लावा.