कोऱ्या क्रुसावरचं नाव

सान ब्लास खाणगाव,
३ सप्टेंबर १९९१

ति. एवोदियोदादास,
कूकाचा साष्टांग नमस्कार, आणि त्याच्यासोबत थोडी कानउघाडणी.

पाकिटावर लिब्रादो आणि आत एवोदियो, असं लिहिताना चोवीस वर्षांनीही हात अडखळतो. नवा टपालवाला परवा म्हणाला, तुमच्या धाकट्या भावाने रविवारी संघ काय झकास खेळवला! मी नुसती हसले. धाकटा कधीचा डोंगरावर निजलाय, हे त्याला कोण सांगणार?

आता मुद्द्याचं. दफनभूमीच्या दारावर नगरपालिकेचा कागद लागलाय. ज्या थडग्यावर नाव नाही आणि ज्याचा मृत्यूचा दाखला कोणी आणणार नाही, ते नोव्हेंबर उजाडला की उकरणार. हाडं एका खड्ड्यात जातील आणि जागा दुसऱ्याला. आपल्या लिब्रादोचा क्रूस कोरा आहे. दाखलाही नाही, कारण बाबांनी नोंद करूच दिली नाही. चौदा वर्षांचं पोर न्यूमोनियाने गेलं आणि दोन महिन्यांत त्याचा जन्मदाखला खिशात घालून तू पंधरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाच्या निवडीला गेलास, सतरा वर्षांचा घोडा! साऱ्या गावाने ते पोटात ठेवलं. तुझ्या पायांवर आमचं घर चाललं, मीही त्या घरात जेवले, म्हणून तुला एकट्याला बोल लावत नाही.

आईचा दमा वाढलाय. दिवसातून दहा वेळा विचारते, दादाला लिहिलंस का? म्हणते, दोन नोव्हेंबरला मेलेली माणसं घरी येतात ती नावाने हाक मारली म्हणून. याला हाक मारायला नाव नव्हतंच, आता जागाही जाणार. नोंद करायला तुझा होकार दे. एवढंच मागणं आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी बहीण,
कूका

तोर्रेओन,
१५ सप्टेंबर १९९१

चि. कूकास,
दादाचे भरपूर आशीर्वाद. कानउघाडणी पोचली, कान अजून लाल आहे.

आईचं औषध वेगळ्या पुडक्याने पाठवलंय. वाफारा देत जा आणि तिला चुलीपाशी बसू देऊ नकोस.

नोंद मात्र करू नकोस. लिब्रादो सदुसष्ट साली वारला असं कागदावर आलं, तर आठ नंबर घालून सतरा वर्षं मधल्या फळीत कोण धावलं, असं लोक विचारतील. यंदा महासंघाने वयाच्या कागदांची झडती काढलीय. इथे प्रत्येक पोराच्या दाखल्याखाली प्रशिक्षक म्हणून माझी सही लागते. माझाच दाखला खोटा निघाला तर परवाना जाईल आणि वर्तमानपत्रात तोंड काळं होईल. एक्केचाळीस वर्षांचा, गुडघा गेलेला माणूस दुसरं काय करणार? खाणीतही कोणी घेणार नाही.

डिसेंबरात स्पर्धा संपली की मी स्वतः येऊन नगराध्यक्षांना भेटतो. तोवर क्रुसाला पांढरा रंग दे, म्हणजे बेवारशी दिसणार नाही. आईला सांग, मी विसरलो नाही.

असाच जीव लावत राहा.
तुझा,
दादा

सान ब्लास खाणगाव,
९ ऑक्टोबर १९९१

ति. दादास,
नमस्कार. आज कानउघाडणी नाही, तेवढं बळ नाही.

रंग दिला. कोरा क्रूस आता जास्तच कोरा दिसतो. डिसेंबर काही नोव्हेंबरच्या आधी येत नाही, हे तुला कळायला हवं होतं.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, मधल्या फळीतल्या माणसाचं काम चेंडू पुढे द्यायचं, आणि हा पायाखाली दाबून बसलाय. काल शेजारच्या तोमासाच्या गाढवावर बसून डोंगरावर गेली. तास झाला तरी उठेना. उतरताना मला विचारत होती, तुझा जन्मदाखला कुठल्या पेटीत आहे. तुझा म्हणजे एवोदियोचा. मी सांगितलं. म्हातारीला जुने कागद बघावेसे वाटले असतील.

येता आलं तर ये.
तुझी,
कूका

तोर्रेओन,
२८ ऑक्टोबर १९९१

चि. कूकास,
आशीर्वाद. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव.

गेल्या आठवड्यात आमच्या लहान संघात एक मुलगा आला. पायात चेंडू असा, की मी शिट्टी फुंकायची विसरलो. पण हजेरी घेताना नाव पुकारलं की तो किंचित उशिरा हात वर करायचा. ते मी दुसऱ्यांदाच ओळखलं. मीही वर्षभर तसाच उशिरा हात वर करत होतो. त्याचा दाखला धाकट्या भावाचा होता. मी त्याला सगळ्यांसमोर हाकलला आणि अहवालावर सही केली, लिब्रादो म्हणून. पोरगा रडला नाही. बूट पिशवीत घालून निघून गेला. कूका, मला माझी शिसारी आली.

म्हणून ठरवलंय. अठरा नोव्हेंबरला महासंघाच्या बैठकीत सगळं सांगून टाकतो. जे जायचं ते जाऊ दे. तू हे पत्र मिळताच नगरपालिकेत जा आणि लिब्रादोची नोंद कर. क्रुसावर नाव मोठ्या अक्षरात घाल. मला माझं नाव परत हवंय.

मी येतोय.
तुझा दादा,
एवोदियो

सान ब्लास खाणगाव,
६ नोव्हेंबर १९९१

चि. लिब्रादोस,
अनेक आशीर्वाद. वर लिहिलंय ते चुकून नाही.

तुझं पत्र काल मिळालं. आई एकोणतीस तारखेलाच नगरपालिकेत जाऊन आली होती. मला दाराबाहेर बसवलं. आत तिने तुझा जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि सांगितलं, माझा थोरला एवोदियो सदुसष्ट साली न्यूमोनियाने गेला, नोंद करायची राहून गेली. साक्षीला तोमास आणि जुने पाद्री. दोघांनी मान खाली घालून सह्या केल्या, आईने अंगठा दिला. तीस तारखेला रंगाऱ्याने क्रुसावर नाव घातलं. ते तुझं आहे, जन्मसालासकट. जागा वाचली.

मी खूप भांडले. ती म्हणाली, थोरल्याने धाकट्याचा सदरा चोवीस वर्षं वापरला, आता थोरल्याचा धाकट्याला घालू दे, भावाभावांत चालतं. दोन नोव्हेंबरला दारापासून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, तुला आवडतात तसे बिनमिरचीचे, बटाटा भरून भाजलेले पास्ते मांडले आणि एवोदियो, एवोदियो अशी हाक मारली. तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. रडली. मग म्हणाली, त्याला लिही, बैठकीत काही बोलू नकोस. आता बोललास तर तिचा अंगठा खोटा ठरेल, त्या दोघांच्या सह्या खोट्या ठरतील आणि थडगं पुन्हा उकरतील. तुला परत घ्यायचं होतं ते नाव आता मातीत गेलं. आठ दिवस आधी लिहिलं असतंस तर, असं मनात येतं, आणि मग मी भांडी घासायला बसते.

आईजवळ फार दिवस नाहीत. भेटायला ये. डोंगरावर जाशील तेव्हा लोकांदेखत टोपी काढ आणि मोठ्या भावासाठी प्रार्थना म्हण. गाव बघत असेल.

लोभ होता तेवढाच आहे.
तुझी मोठी बहीण,
कूका