स्नो लेपर्ड घेऊनच येतो

३० जानेवारी २०२६, शुक्रवार. किब्बर, स्पिती.

आजपासून रोज डायरी. एक दिवस चुकवायचा नाही. अस्मिता म्हणते, सम्राट, तू सुरू केलेली एक गोष्ट शेवटाला नेऊन दाखव. ही दाखवणार.

मी इथं फोटोग्राफी टूरवर आहे. आमच्या कोल्हापूरचे अभिराम सर दर हिवाळ्यात मराठी गेस्ट घेऊन स्नो लेपर्डचे आणि बर्फाच्या डोंगरांचे फोटो काढायला येतात. मराठी माणूस चौदा हजार फुटांवर चढला तरी त्याला भाकरी आणि ठेचा लागतोच, म्हणून स्वयंपाकाची माणसं कोल्हापूरहून आणावी लागतात. मुख्य आचारी अण्णासो. मी त्यांच्या हाताखाली. हे तात्पुरतं. माझी मूळ लाईन फोटोग्राफी आहे. सरांना अजून सांगितलेलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं नाही. डोकं दुखत होतं. उंचीमुळं होतं तसं. आजारपणात चुकलेला दिवस चुकलेला धरायचा नाही.

आता प्लॅन. पहिली बॅच १६ तारखेपर्यंत. तेवढ्यात स्नो लेपर्डचा एक फोटो, स्वतः काढलेला. मोठा करून, फ्रेम करून, थेट गारगोटीला अस्मिताच्या दारात. ती दिवाळीपासून माहेरी आहे. गारगोटीची हवा तिला मानवते. आणि तिथं एका लॅबमध्ये कामाला लागली आहे, त्यामुळं लगेच निघता येत नाही.

रविवारी २२ ला तिच्या घरी बैठक आहे. दोन्हीकडची चार माणसं बसणार आणि ती परत नांदायला येणार का नाही ते ठरवणार. त्यात ठरवायचं काय आहे मला कळत नाही. तिनं एवढंच सांगितलंय, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तू स्वतः ये. गाडी १७ ला सकाळी खाली जाते. २१ ला मी गारगोटीत. एक दिवस उरतोय. पक्कं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

इथं पाणी उकळतंय पण डाळ शिजत नाही. अण्णासो कुकरला शिव्या देतात, मग मला. नारळाचं दूध डब्यात गोठून दगड झालं. पांढरा रस्सा कॅन्सल.

दुपारी भांडी सोडून वर गेलतो. दोर्जे म्हणून गावातला माणूस आहे, तो दुर्बिणीतून जनावर शोधून देतो. त्यानं पलीकडच्या कड्यावर दाखवला. म्हणाला, टोपीसारखा दगड, त्याच्या खाली दोन बोटं, काळी रेघ, रेघेच्या डावीकडं झोपलाय. सगळ्या गेस्टना दिसला. मी पण म्हणालो, दिसला दिसला, काय जनावर आहे.

खरं म्हणजे दगड दिसला. पण पहिल्याच दिवशी दगड दिसणं हे काही कमी नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठी प्रगती. सरोजिनी मॅडम म्हणून रिटायर्ड हेडमास्तरीण आहेत. त्यांचा दुसरा कॅमेरा सांभाळायला माझ्याकडं दिला. म्हणजे मी आता असिस्टंट. तासाभरात दोनशे फोटो मारले. सरांनी संध्याकाळी बघितले. बरेचसे दगड, थोडे माझ्या हातमोज्याचे, चार अण्णासोंचे. अण्णासोंचे शार्प आलेत. बटणाभोवती पिवळं बघून सर म्हणाले, कॅमेऱ्याला हळद लावलीस, लगीन लावतोयस काय त्याचं.

सगळे हसले. मी पण हसलो. मोठ्या फोटोग्राफरला सुरुवातीला सगळे हसतातच.

७ फेब्रुवारी, शनिवार

रेंज फक्त गावाच्या वर पाण्याच्या टाकीजवळ येते. वीस मिनिटं चढ. गेलो. अस्मिताचा मेसेज होता, २२ ला येणार काय. मी लिहिलं, येणारच, आणि डोंगराचा एक फोटो पाठवला. निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. फोटो बघून शब्दच सुचला नसणार.

मागं एकदा तिला फोनवर स्नो लेपर्डबद्दल सांगत होतो तेव्हा म्हणालेली, आमच्यात उसात बिबट्या निघतोय, कुत्री उचलून नेतोय, तुला त्यासाठी तिकडं जायला कशाला पाहिजे. तिला फरक माहीत नाही. फोटो बघितल्यावर कळेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही. शाई गोठली. आता पेन्सिल.

दोर्जेच्या घरी गेलतो. चुलीजवळ बुद्धाची मूर्ती. मी हात जोडून वंदना म्हटली तशी त्याची आई बघतच राहिली. सांगितलं, आमच्या गडमुडशिंगीच्या घरी पण आहे. मग तिनं मिठाचा चहा दिला. दोर्जेला मध्ये घालून विचारलं, बायको कुठं. म्हटलं माहेरी. किती दिवस. म्हटलं दिवाळीपासून.  तिनं कपात परत चहा ओतला. पाहुणचार चांगला आहे इथल्या लोकांचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्नो लेपर्ड नाल्याच्या काठावर उतरला. मारलेल्या मेंढीजवळ दीड तास बसला. सगळ्यांनी पोटभर फोटो काढले. मी भाकरी थापत होतो. वॉकीटॉकीवर ऐकलं आणि पिठाच्या हातानं दारापर्यंत गेलो, तर अण्णासो म्हणाले, तव्यावरची कोण उलटणार, तुझा बिबट्या काय?

उलटली. मग पळत गेलो तर तिथं नुसतं रक्त आणि कावळे.

मॅडमनी स्क्रीनवर दाखवला. काय डोळे. म्हणाल्या, पाठवते तुला, घे की, मी काढला काय आणि तू काढला काय. नको म्हणालो. अस्मिताला खोटं दाखवायचं नाही. ठिगळं लावलेलं लगेच ओळखते ती.

फाउंड्रीतलं काम सुटलं तेव्हा घरी बोललो नव्हतो, रोज कामाला म्हणूनच निघायचो. तिला पहिल्या दिवशी कळलं होतं, काढलाय ते. आठ दिवस तिनं डबा भरून दिला आणि मी तळ्यावर बसून खाऊन आलो. नवव्या दिवशी तिनं डब्याबरोबर चादर दिली. म्हणाली, खाली गार लागत असेल.

हे इथं लिहायची गरज नव्हती.

१५ फेब्रुवारी, रविवार

विचार करून निर्णय घेतला आहे. दुसरी बॅच १८ ला येते. सर म्हणाले, थांबणार असलास तर दोन दिवस सकाळी स्वयंपाकातून मोकळा करतो, ये वर. सरांनी माझ्यातलं काहीतरी ओळखलंय.

रिकाम्या हातानं बैठकीत बसून काय सांगणार. सासरे विचारणार, काय करता. आचाऱ्याच्या हाताखाली, असं सांगू? फोटो असला की बोलायचीच गरज नाही.

अण्णासो ऐकून भडकले. म्हणाले, येडा हैस काय लेका, संसाराची बैठक हाय की ती. तू जा, मी बघतो एकटा. म्हटलं, तुमचं वय झालंय, तुम्हाला एकट्याला सोडून कसा जाऊ. ते म्हणाले, माझं नाव सांगू नकोस.

अस्मिताला टाकीवरून फोन केला. समजावून सांगितलं, आजकाल सगळं व्हिडिओ कॉलवर होतं, मी हजरच असणार, फक्त लांबून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं. बरं म्हणाली म्हणजे पटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी गेली. मॅडमची बॅग मी ठेवली. पुढची सीट रिकामी होती. मॅडम म्हणाल्या, तुझी बॅग कुठाय? मी म्हटलं, मी थांबलोय, प्रोजेक्ट आहे. त्या काच खाली करून म्हणाल्या, चल की सम्राट. हेडमास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या. क्षणभर पाय उचलला पण गेला.

मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. डोंगर मात्र फार सुंदर दिसत होते. मी एकही फोटो काढला नाही. उजेड बरोबर नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टाकीवरून आईला व्हिडिओ कॉल करून टेस्ट घेतली. एक नंबर. बैठकीत फोन माझा मामा धरणार. आई म्हणाली, केस काप. म्हटलं, इथं न्हावी न्हाई. म्हणाली, मग टोपी तरी काढून बस, थोरांच्या पुढं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्याची तयारी. पांढरा शर्ट थर्मलच्या वरून घालायचा. फोन चार्ज. काय बोलायचं तेही ठरलंय. आधी सगळ्यांना जय भीम. मग, माझं चुकलं. मग, आता लाईन सापडली. मग अस्मिताला, चल घरी. पाठ केलंय. अण्णासोंच्या समोर म्हणून दाखवलं. ते म्हणाले, मधलं गाळ. पहिलं आणि शेवटचं बोल आणि गप बस.

मधलंच तर महत्त्वाचं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

लिहून ठेवतो. सगळं लिहून ठेवतो.

अकराला टाकीजवळ बरोबर होतो. टोपी काढली. कॉल लागला. खोली दिसली, सासरे, त्यांचे भाऊ, आमच्याकडची दोघं, आई. अस्मिता दाराला टेकून उभी होती. निळी साडी. बारीक झालीय. मी जय भीम म्हटलं. सासरे म्हणाले, बोला जावाई.

मी म्हणालो, माझं चुकलं. हे नीट म्हणालो. आईनं पदर तोंडाला लावला. अस्मितानं वर बघितलं. एवढं झालं होतं.

आणि दोर्जेनं खालून शीळ घातली. समोरच्या कड्यावर बोट. मी बघितलं आणि दिसला. खरंच दिसला. आधी शेपूट हलली, मग सगळा दगडच जनावर झाला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यानं.  वाटलं, ही साक्ष आहे. मी इथं का थांबलो ते आता मला सांगायलाच नको, हे बघू देत.

फोनचा कॅमेरा फिरवला. म्हटलं, बघा, समोर बघा.

सासऱ्यांचे भाऊ म्हणाले, कुठं? म्हटलं, टोपीसारखा दगड, त्याच्या खाली. सासऱ्यांनी चष्मा मागवला. कोणतरी म्हणालं, फोन मागं घ्या, नुसती माती दिसत्या. मामा म्हणाला, दिसला की, झ्याक दिसला. मग म्हणाला, मेंढी हाय काय ती? दहा मिनिटं दोन्हीकडची थोर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून माझा डोंगर बघत होती.

मग अस्मिताचा आवाज आला. सम्राट, फोन तुझ्याकडं फिरव.

म्हटलं, दोन मिनिटं, उठायला लागलाय.

ती म्हणाली, एकदा फिरव. तुझं तोंड दिसू दे.

म्हटलं, थांब की जरा.

फोन बंद पडला. एक्केचाळीस टक्के होता. थंडीत बॅटरी अशी जाते म्हणतात. काखेत धरून उभा राहिलो. सुरू व्हायला पाव तास गेला. कड्यावर काही नव्हतं. दोर्जेनं विचारलं, फोटो लिया? फोटो घ्यायचा राहिलाच होता.

परत लावला. कुणी उचलला नाही. मामानं पण नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शांत डोक्यानं विचार केला. दोष बॅटरीचा आहे. शिवाय एका अर्थी चांगलंच झालं. दोन्ही घरांनी मिळून दहा मिनिटं एकच गोष्ट बघितली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असेल.

अस्मिताला लिहिलं, मी खरंच बघितला. शपथ. तिचं उत्तर लगेच आलं. माहीत हाय, तू खोटं बोलत नव्हतास. एवढंच.

हा मेसेज चांगला आहे. सकाळपासून चौदा वेळा वाचला, चांगलाच आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आई म्हणाली, बैठकीत सोडचिठ्ठीचं लिहून झालं, कोर्टाचं पुढं करतील. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. अस्मितानं पण केली. पण माझी सही बाकी आहे. म्हणजे कायद्यानं काहीच झालेलं नाही. हे आईला तीनदा समजावून सांगितलं.

सर म्हणाले, उद्या सकाळी ये वर, कबूल केलंय मी. म्हटलं, बघतो, पीठ मळायचं आहे.

अण्णासोंनी आज कुठून कुणास ठाऊक पांढरा रस्सा जमवला. गेस्टच्या आधी पहिली वाटी मला दिली. मीठ बघायला दिली असणार. बघून सांगितलं, बरोबर आहे. ते म्हणाले, पी सगळा. आणि पाठ करून कांदा चिरत बसले.

१ मार्च, रविवार

आईचा फोन. आज टेम्पो आलता. अस्मिता स्वतः आलती. कपाट नेलं, शिलाई मशीन नेलं, तिची भांडी नेली. आईनं चहा केला, तो बसून प्याली. आईच्या पाया पडली. सामान हललं की खालून धूळ निघते, ती सगळी तिनं झाडून काढली, कोपरे पण काढले, मग चप्पल घातली.

मी आईला म्हटलं, बघ, राग असता तर एवढं केलं असतं का. खोली नीट करून गेली म्हणजे मनात अजून…

आई म्हणाली, खिळ्याला तुझा एक शर्ट होता. घडी करून माझ्या हातात दिला तिनं. कुठं ठेवू?

म्हटलं, कपाटात ठेव की.

आई म्हणाली, कपाट नेलं की रे तिनं. म्हटलं, मग खिळ्यालाच राहू दे.