पदराची खूण

१४ जुलै

लिहिण्यात चुका व्हत्याल, माफी असावी. आठवीत शाळा सुटली, आन् हा दादाचा जुना मोबाईल, एकेक अक्षर हुडकत बसावं लागतं. पण बोलू कुणाशी? चार माणसं दिसली की माझा घसाच बंद व्हतो. मावशीचे तर कान जन्मापासनंच बंद. म्हणून तर आमचं दोघींचं जमतं.

उद्या कोर्ट. मावशीची साक्ष.

१५ जुलै

डोकं फिरलंय.

गोष्ट सरळ हाय. साखरबाई मावशी, ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. नवरा वारल्यावर दौंड तालुक्यात सासरीच राहिली. तिच्या थोरल्या दिरानं, बाळासोनं, तिच्या वाटणीच्या वावरात ट्रॅक्टर घातला. ही आडवी झाली. त्यानं ट्रॅक्टरमधली चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली आन् हिच्या उजव्या हातावर हाणली. बोटं आता वाकत न्हाईत. लोकं म्हणत्यात हात मोडला. हात न्हाई, तिची जीभ मोडली त्यानं. तवापासनं ती आमच्याकडं, न्हावऱ्याला.

कोर्टानं पुण्यावनं खुणांची भाषा येणाऱ्या बाई बोलावल्या, अनुपमा मॅडम. बाई चांगल्या. पण त्यांच्या खुणा शाळेतल्या, आन् मावशी शाळेत गेलीच न्हाई. तिच्या खुणा घरातल्या. ट्रॅक्टर, वावर, एवढं कसंबसं जमलं. व्हिडिओ शूटिंग चालू व्हतं. मग सरकारी वकिलांनी इचारलं, "कुणी मारलं? दाखवा."

बाळासो समोरच, इस्त्रीची कापडं घालून. मावशीनं डाव्या हातानं पदर कपाळावर वढला आन् मान खाली घातली.

मॅडमनी परत इचारलं. परत पदर.

"उत्तर देत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

बाळासोचा वकील हसला. "लाजतेय, साहेब. काही झालंच नाही तर बिचारी सांगणार काय?"

दिलं व्हतं की उत्तर! दोनदा! थोरल्या दिराला बोट दाखवायचं नसतं, समोर आला की पदर घ्यायचा — लगीन करून गेली तवापासनं तिच्याकडं पदर हीच बाळासोची खूण हाय. आमच्या घरात सगळ्यांना म्हाईत. शेजारच्या गिताबाईला पण म्हाईत. मी शेवटच्या बाकड्यावर. तोंड उघडलं, आवाज आलाच न्हाई.

१६ जुलै

आई म्हणली, "जाऊ दे गं, देव बघतोय." बघतोय ना? मग त्यालाच साक्षीला बोलवा म्हणावं.

१८ जुलै

मॅडमनी जाताना नंबर दिला व्हता. मेसेज टाकला, पदराचं सगळं लिवलं. लगेच त्यांचाच फोन.

"अगं अपेक्षा, हे तिथंच का नाही सांगितलंस?"

"मला कुणी इचारलं न्हाई."

त्या म्हणाल्या, "खरंय. आधी तुझ्याकडनं त्यांच्या खुणा समजून घ्यायला हव्या होत्या मी. सरकारी वकिलांशी बोलते, परत साक्षीचा अर्ज करतील. पण तुला उभं राहून सांगावं लागेल हं."



११ ऑगस्ट

साक्ष परत झाली. आधी माझी शपथ. मग मी सांगितलं, पदर म्हंजी बाळासो.

तो वकील उठला. "शिक्षण किती?"

"आठवी."

"वा, तज्ज्ञच की." मागं कोण कोण हसलं. "अगं बाई, दिरासमोर त्यांच्या घरातल्या सगळ्याच सुना पदर घेतात. मग काय सगळ्यांनाच मारलं याने?"

रागानं माझा घसा सुटतो, हे आजच कळलं. म्हणले, "मग त्याला भाईर उभं करा. दीरच न्हाई तर पदर कशाला घेईल ती? आन् मग इचारा."

जजसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग बाळासोला दाराबाहेर नेलं. मावशीनं त्यो जाताना बघितला. पदर खांद्यावर सोडला, केस सारखे केले, निवांत बसली.

मॅडमनी खुणंनं इचारलं, हात कुणी मोडला.

मावशीनं पदर कपाळावर वढला.

समोर कुणी नव्हतं. आज वकील हसला न्हाई. जजसाहेबांनी शब्द न् शब्द लिहून घ्यायला लावला.

बाळासो आत आला. मावशीनं पदर डोक्यावरनं खाली घेतला आन् तशीच उघड्या डोक्यानं त्याच्याकडं बघत ऱ्हायली. मान त्यानं खाली घातली.

उलटतपासणी ऱ्हायलीय. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या तारखेला तू लागशीलच मला." येणार म्हणले. मोठ्यानं म्हणले.

१७ ऑगस्ट

आज यवतचं पाव्हणं मला बघाय आलं. मला आधी कुणी इचारलं न्हाई. चहाचा ट्रे हातात दिला आन् आई हळूच म्हणली, "पोराचा थोरला भाऊ पण आलाय, पदर घे." मावशी चुलीपाशी बसून बघत व्हती.